संयुक्त अरब अमिरातीतील ईस्टर कॅक्टस : प्रस्तावना

दक्षिण ब्राझीलमधील पाराना आणि सांता कातारिना या राज्यांच्या डोंगराळ जंगलांत, समुद्रसपाटीपासून साधारण ३५० ते १,३०० मीटर उंचीवर, मोठ्या वृक्षांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर वाढणारा एक लहानसा निवडुंग गेल्या शतकाभरात जगभरच्या घरांतील कुंड्यांमध्ये जाऊन पोचला आहे. उत्तर गोलार्धात तो मार्च ते मे या काळात, म्हणजे ईस्टरच्या सणाच्या आगेमागे फुलतो आणि त्यामुळे बागकामाच्या व्यवहारात त्याला ईस्टर कॅक्टस असे नाव मिळाले. मराठी घरांतही हेच नाव रुळलेले असल्याने प्रस्तुत पुस्तकात तेच वापरले आहे. हे पुस्तक प्रामुख्याने संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. तेथील भारतीयांची संख्या आज ३५ लाखांच्या पुढे गेली असून दुबईतील करामा, बर दुबई वा अल नाहदा असो, शारजा असो किंवा अबू धाबीचा मुसफ्फा भाग असो, सदनिकेच्या दिवाणखान्यात तुळशीच्या जोडीने चार-दोन शोभेची झाडे नसलेले मराठी घर विरळाच.

वसंतात फुलांनी लगडलेली ईस्टर कॅक्टसची कुंडी घरी येते, पंधरा-वीस दिवस डोळ्यांचे पारणे फेडते, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे हिरवी राहूनही पुन्हा फुलत नाही, असा अनुभव या प्रदेशात सर्रास येतो. त्याचे खापर वाळवंटावर फोडले जाते. प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे मात्र असे आहे की, अमिरातीचा हिवाळा या वनस्पतीला मानवण्याजोगा असून तिच्या फुलण्याच्या आड खरोखर येते ती बारमाही एकसारख्या तापमानाची, रात्री उशिरापर्यंत उजळलेली खोली. हे म्हणणे पटण्यासाठी वनस्पतीचे मूळ जीवन, तिच्या फुलण्यामागील यंत्रणा आणि अमिरातीच्या हवामानाचे बारकावे अशा तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात, आणि तेवढ्यासाठीच ही प्रस्तावना काहीशी विस्ताराने लिहिली आहे.

ईस्टर कॅक्टस ही अपिवनस्पती आहे. दुसऱ्या झाडाच्या अंगावर केवळ आधारासाठी राहणाऱ्या, पण त्या झाडाच्या रसावर न जगणाऱ्या वनस्पतीला अपिवनस्पती म्हणतात. आंब्याच्या फांदीत आपली मुळे घुसवून तिचा रस शोषणारे बांडगूळ परोपजीवी असते, तर त्याच आंब्यावर वाढून मे-जूनमध्ये गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लोंबते तुरे मिरवणारी, कोकणात व सह्याद्रीत सर्वपरिचित असलेली सीतेची वेणी ही आमरी अपिवनस्पती असते. ईस्टर कॅक्टसचे राहणे या सीतेच्या वेणीसारखे असते. फांद्यांच्या बेचक्यांत साठलेला पालापाचोळा, शेवाळ आणि सालीचा भुगा एवढ्या सामग्रीत त्याची बारीक, उथळ मुळे पसरतात. पाऊस व धुके त्यांना वारंवार भिजवते आणि वारा तितक्याच लवकर सुकवतो. जमिनीचा स्पर्श या वनस्पतीला आयुष्यभर घडत नाही. निवडुंगाच्या कुळात अशा वृक्षवासी जाती पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी एक, ऱ्हिप्सालिस बॅसिफेरा, ही तर अमेरिका खंडाबाहेर आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि थेट श्रीलंकेपर्यंत निसर्गतः आढळणारी एकमेव निवडुंग-जाती आहे. मराठी घरांत ब्रह्मकमळ म्हणून जिव्हाळ्याने वाढवले जाणारे, पावसाळ्यातील एखाद्या रात्री उमलून पहाटे मिटणारे फूलही अशाच एका अपिवनस्पती निवडुंगाचे आहे. एपिफायलम ऑक्सिपेटॅलम हे त्याचे शास्त्रीय नाव असून त्याचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका आहे. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले असून त्याचा या निवडुंगाशी काही संबंध नाही. ज्या घरात हे घरगुती ब्रह्मकमळ नीट जगते, त्या घराने ईस्टर कॅक्टसच्या संगोपनाचा अर्धा धडा आधीच गिरवलेला असतो.

या वनस्पतीला पाने नसतात. पानांसारखे दिसणारे चपटे, हिरवे भाग ही तिची कांडे असून त्यांना पर्णकांडे म्हणतात. प्रत्येक कांडे साधारण ४ ते ७ सेंटिमीटर लांब आणि दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असते, आणि एकाच्या टोकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे अशी त्यांची साखळी वाढत जाऊन अखेर कुंडीच्या काठावरून खाली झुकते. एखादे कांडे बोटांत धरून निरखले तर त्याच्या दोन्ही कडांवर तीन ते पाच उथळ, गोलसर खाचा दिसतात. कोवळ्या कांड्याची कड पुष्कळदा किरमिजी रंगाची असते, आणि अगदी टोकाशी तपकिरी, मऊ केसांचा एक बारीक पुंजका असतो. तो पुंजका म्हणजे अ‍ॅरिओल, निवडुंगकुळाची खरी ओळखखूण, जिच्यातून इतर निवडुंगांत काटे आणि येथे नवी कांडी व कळ्या फुटतात. कळी प्रथम गव्हाच्या दाण्याएवढी दिसते आणि काही आठवड्यांनी तिचे चार-पाच सेंटिमीटर लांबीचे, चारही बाजूंनी सारखे, ताऱ्यासारखे पसरलेले शेंदरी-लाल फूल होते. सकाळी उजेडाबरोबर ते उघडते, संध्याकाळी मिटते, आणि असे कित्येक दिवस चालते.

फुलाच्या या ताऱ्यासारख्या आकाराला बाजारात फार महत्त्व आहे, कारण ईस्टर कॅक्टस आणि त्याचे चुलत भावंड ख्रिसमस कॅक्टस यांची रोपे एकाच नावाच्या चिठ्ठीसह विकली जाण्याचा प्रकार दुबईच्या अल वरसान भागातील रोपबाजारापासून मसाफीच्या शुक्रवार बाजारापर्यंत सगळीकडे आढळतो. ख्रिसमस कॅक्टस म्हणून मिळणाऱ्या बहुतेक रोपांच्या कांड्यांना कडेला टोकदार दात असतात, त्यांच्या फुलाच्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि फूल एका बाजूला कललेले असते, आणि ते नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते. ईस्टर कॅक्टसच्या कडा गोलसर, टोकाला केस, आणि फूल सरळ उघडे. दोन्हींचे संगोपन वरवर सारखे असले तरी फुलण्याचे वेळापत्रक वेगळे असल्याने ही पारख खरेदीच्या वेळीच झालेली बरी.

शास्त्रीय नोंदीत या जातीचा प्रवेश १८८४ साली झाला. सेंट पीटर्सबर्गच्या शाही वनस्पती उद्यानाचे संचालक एडुआर्ड रेगेल यांनी त्या वर्षी तिचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ब्राझीलमधील ब्लुमेनाउ येथून ती मिळवणाऱ्या गेर्टनर यांचे नाव तिला दिले. ब्लुमेनाउ ही १८५० मध्ये जर्मन स्थलांतरितांनी वसवलेली वसाहत. डार्विनशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करणारे निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्युलर तेथेच राहत. पोटापाण्यासाठी परमुलखात गेलेल्या माणसांनी तेथील रानाकडे प्रेमाने पाहिले आणि त्यातून ही वनस्पती जगाला माहीत झाली, ही गोष्ट आखातात स्थायिक झालेल्या वाचकाला विशेष जवळची वाटेल. रेगेल यांनी ती दुसऱ्या एका जातीचा केवळ प्रकार मानली होती. १८९० मध्ये कार्ल शूमान यांनी तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. तेव्हापासून आजवर ती एपिफायलम, श्लुम्बर्गेरा, ऱ्हिप्सालिडॉप्सिस आणि हॅटिओरा अशा चार प्रजातींत फिरून आली आहे, इतकी की जुन्या-नव्या पुस्तकांत एकाच कुंडीतील रोपासाठी चार वेगवेगळी नावे सापडतात. या पुस्तकात ऱ्हिप्सालिडॉप्सिस गेर्टनेरी हे आज पुन्हा स्वीकारले गेलेले नाव ग्राह्य धरले आहे. दुकानांत मिळणारी गुलाबी, नारिंगी आणि फिकट छटांची रोपे मात्र बहुधा शुद्ध जातीची नसून तिचा आणि अधिक उंचीवर वाढणाऱ्या, लहान गुलाबी फुलांच्या रोझिआ या जातीचा संकर असतात. व्हेर्डरमान यांनी १९३९ मध्ये या संकराला ग्रेझेरी असे नाव दिले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. कोणतीही वनस्पती केव्हा फुलायचे हे कशावरून ठरवते, या प्रश्नाचे ईस्टर कॅक्टसपुरते उत्तर रात्रीची लांबी आणि रात्रीचा गारवा असे दुहेरी आहे. अ‍ॅमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस बॉइल यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या वनस्पतीच्या फुलण्याचा जो अभ्यास केला, त्यातून आणि त्याआधीच्या युरोपीय संशोधनातून असे स्पष्ट झाले की, फुलण्याची ही क्रिया दोन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात वनस्पतीला काही आठवडे लांब रात्री आणि दहा-बारा अंश सेल्सिअसच्या आसपासचा गारवा मिळावा लागतो. दुसऱ्या टप्प्यात दिवस मोठा होत जावा लागतो आणि हवेत मध्यम ऊब यावी लागते, तेव्हा टोकाच्या अ‍ॅरिओलमधून कळ्या बाहेर पडतात. पहिला टप्पा चुकला तर दुसऱ्या टप्प्यात फक्त नवी हिरवी कांडी फुटतात. दिवाणखान्यातील रोप दरवर्षी वसंतात जोमाने वाढते आणि तरी फुलत नाही, त्याचे कारण हेच आहे. त्याची वाढ आजाराचे लक्षण नसते, त्याच्या वर्षातून हिवाळा वजा झालेला असतो.

येथे नकाशाकडे पाहणे उद्‌बोधक ठरते. मकरवृत्त पाराना राज्यातून जाते आणि ईस्टर कॅक्टसची जंगले त्या रेषेच्या थोडी दक्षिणेला, साधारण २५ ते २७ अंश दक्षिण अक्षांशांवर आहेत. कर्कवृत्त अबू धाबी अमिरातीच्या दक्षिण भागातून जाते आणि दुबई त्या रेषेच्या थोडी उत्तरेला, २५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना जवळजवळ सारख्याच अंतरावर असलेल्या या दोन प्रदेशांत दिवस-रात्रीचे वार्षिक गणित एकच असते, फक्त महिने उलटे असतात. पारानाची राजधानी कुरिचिबा येथे जूनमध्ये सर्वांत लहान दिवस सुमारे साडेदहा तासांचा असतो, आणि दुबईतही डिसेंबरात सर्वांत लहान दिवस सुमारे साडेदहा तासांचाच असतो. मुंबई-पुण्याचा लहानात लहान दिवस मात्र सुमारे अकरा तासांचा असतो. म्हणजे प्रकाशाच्या हिशेबाने पाहिले तर दुबईची बाल्कनी या वनस्पतीला कोथरूड किंवा ठाण्याच्या गॅलरीपेक्षा माहेरच्या अधिक जवळची आहे. ही गोष्ट बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत सहसा आढळत नाही, कारण ती पुस्तके बहुधा इंग्लंड-अमेरिकेतील थंड घरांसाठी लिहिलेली असतात आणि त्यांतील सूचना आखातात जशाच्या तशा लावल्या की निराशा पदरी येते.

गारव्याचा हिशेब थोडा अवघड आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असलेल्या कुरिचिबात हिवाळ्यातील रात्रीचे किमान तापमान सरासरीने दहा अंशांच्या खाली जाते; दुबईत व अबू धाबीत जानेवारीत ते साधारण १३ ते १५ अंशांवर थांबते. आतील भागात, अल ऐन किंवा हत्ता येथे आणि रास अल खैमाहच्या डोंगरांच्या पायथ्याशी, रात्री याहून थंड असतात, आणि १,९०० मीटरहून उंच असलेल्या जबल जैसवर तर २००४ आणि २००९ मध्ये बर्फ पडल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा किनाऱ्यावरील शहरांत या वनस्पतीला आदर्श थंडी मिळत नाही हे खरे. तथापि लांब रात्र आणि १४ अंशांचा गारवा एकत्र मिळाले तर बहर थोडा कमी, पण निश्चित येतो, आणि जेथे थंडी काठावरची असते तेथे अंधाराची शिस्त अधिक काटेकोर पाळावी लागते. तुलनेसाठी मुंबईचे उदाहरण घेता येईल : तेथे जानेवारीच्या रात्रीही १६-१७ अंशांच्या खाली क्वचितच जातात, त्यामुळे तेथील रोप दुबईतील रोपापेक्षा अधिक अडचणीत असते. नाशिक-पुण्याकडे थंडी चांगली पडते, आणि तेथे बाहेर ठेवलेली रोपे फुलतातही.

अमिरातीच्या हिवाळ्यात या वनस्पतीला उपकारक असे आणखी एक वैशिष्ट्य आहे, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या देशात डिसेंबर ते मार्च या काळात पहाटे दाट धुके उतरते. शेख झायेद रस्त्यावर किंवा अबू धाबी–दुबई महामार्गावर सकाळी गाडी चालवणाऱ्याला ते धोक्याचे असते आणि पोलिसांचे इशारेही येतात. पण त्याच पहाटे बाल्कनीतल्या कुंडीवर हवेतील आर्द्रता संपृक्ततेपर्यंत पोचलेली असते, कांड्यांवर पाण्याचे बारीक थेंब जमतात आणि सूर्य वर आला की सुकून जातात. भिजणे आणि सुकणे यांचा जो फेरा ब्राझीलच्या किनारी डोंगरांवर ढग चढताना घडतो, त्याचीच ही आवृत्ती होय. निवडुंगाची हवेतील वायू घेण्याची पद्धत ध्यानात घेतली तर याचे मोल आणखी कळते. बहुतेक झाडे दिवसा आपली त्वचारंध्रे, म्हणजे पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रे, उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात. निवडुंग ती रात्री उघडतात, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून उजेडात त्याचे अन्न करतात. या पद्धतीला क्रॅसुलेसी आम्ल चयापचय म्हणतात. रात्रीची गार, दमट हवा ही अशा वनस्पतीची कामाची वेळ असते, आणि वातानुकूलित खोलीत रात्री मिळणारी कोरडी हवा तिला सर्वांत अधिक जाचते.

या सगळ्याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून, रात्री २० अंशांच्या खाली येऊ लागल्या की कुंडी बाल्कनीत न्यावी आणि किमान कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत, म्हणजे बहुधा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती तेथेच ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नको. पाणी कमी करावे, पण कांडी सुरकुततील इतके नाही. अंधाराची अट मात्र शहरात पाळणे कठीण असते : रस्त्यावरचा दिवा, समोरच्या मनोऱ्याची रोषणाई किंवा काचेच्या दारातून बाहेर पडणारा दिवाणखान्याचा उजेड कुंडीवर पडला की वनस्पतीच्या दृष्टीने रात्र तुटते. कोपरा बदलावा, पडदा ओढावा, आणि तेही शक्य नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी सात या वेळात कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे. उपाय गावठी वाटला तरी हरितगृहांत काळी कापडे ओढून हेच केले जाते. बाल्कनी नसलेल्या जुन्या इमारतीत वातानुकूलन बंद असलेल्या खोलीची उघडी खिडकी हाच पर्याय उरतो, आणि हिवाळ्यात तो पुरतो.

कळ्या धरल्यावर कुंडी हलवू नये, तिची दिशाही बदलू नये. प्रकाशाची बाजू बदलली किंवा पाण्याचा ताण पडला की कळ्या गळतात, आणि ईस्टर कॅक्टस या बाबतीत आपल्या चुलत भावंडापेक्षा बराच हळवा आहे. फुले साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये येतात. ईस्टरची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरते आणि चैत्र पाडवाही बहुधा त्याच सुमारास येतो, त्यामुळे मराठी घरात हा बहर गुढीच्या दिवसांत दाराशी असतो.

अमिरातीचा उन्हाळा हा दुसरा आणि अधिक कठोर विषय आहे. मे ते सप्टेंबर या काळात बाहेरचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते, तेव्हा हे रोप आतच हवे, याविषयी दुमत नाही. २४-२५ अंशांची खोली त्याला सोसते. फक्त एसीचा झोत थेट अंगावर येऊ नये आणि पश्चिमेच्या तापलेल्या काचेला कांडी टेकू नयेत, नाहीतर ती तांबूस पडून करपतात. खरी गोची पाण्याची असते. दुबईतील नळाचे जवळजवळ सर्व पाणी समुद्राचे पाणी गोडे करून मिळवलेले असते, त्यात क्षार फारसे नसतात, आणि अपिवनस्पतीला ते एरवी चालण्यासारखे आहे. पण उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्यांत तापून तेच पाणी नळातून कढत येते, इतके की आंघोळीसाठी बंद ठेवलेल्या गीझरमधील पाणी गार म्हणून वापरण्याची पद्धत येथे घरोघरी आहे. असे पाणी थेट कुंडीत ओतले की उथळ मुळे भाजतात आणि आठवडाभरात कांडी एकामागून एक सांध्यातून निखळू लागतात. बादली भरून रात्रभर खोलीत ठेवावी आणि सकाळी ते पाणी द्यावे, एवढ्या साध्या काळजीने पुष्कळ रोपे वाचतात.

कांडी निखळणे हे या वनस्पतीच्या प्रत्येक तक्रारीचे एकच उत्तर असते, मग कारण अतिपाणी असो, उपासमार असो वा उष्णता असो. त्यामुळे लक्षणावरून निदान करता येत नाही. कुंडीत बोट घालून माती पाहावीच लागते. माती हा शब्दही येथे सैलपणे वापरला आहे, कारण बागेची माती किंवा वाळवंटातील चुनखडीयुक्त वाळू या मुळांना चालत नाही. आमरीसाठी मिळणारे सालीचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे चिप्स, परलाइट आणि थोडे पानांचे खत यांचे भरड मिश्रण उत्तम. सोडणाच्या भुग्यात मीठ असते, म्हणून तो दोन-तीनदा धुऊन घ्यावा. कुंडी लहान, तळाला भोक असलेली, आणि फुले संपल्यावर दर दोन वर्षांनी बदललेली.

उन्हाळी सुट्टीचा प्रश्न खास आखाताचा आहे, आणि परदेशी पुस्तकांत त्याची चर्चा सहसा नसते. शाळा बंद झाल्या की जुलै-ऑगस्टमध्ये कुटुंबे चार-सहा आठवडे गावी जातात, वीज वाचावी म्हणून एसी बंद होतो, आणि बंद सदनिका दिवसेंदिवस तापत राहते. या एका सवयीने पुष्कळ ईस्टर कॅक्टस दगावतात. शेजारच्या घरी कुंडी पोचवून जाणे हाच खरा उपाय असून, पाणी घालायला कोणी तरी येईल या भरवशावर तापलेल्या घरात ती ठेवणे व्यर्थ आहे, कारण तिला मारते ते मुख्यतः तापमान. परतल्यावर शेजाऱ्याला दोन कांडी द्यावीत, आणि तो व्यवहार दोन्ही घरांना फायद्याचा ठरतो.

या कांड्यांच्या देवघेवीला शास्त्रीय आधारही आहे. ईस्टर कॅक्टसचे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही. एकाच रोपापासून काढलेली सर्व रोपे परस्परांनाही फळवू शकत नाहीत, म्हणून घरगुती संवर्धन बियांनी न होता कांड्यांनीच होते. फुले ओसरल्यावर दोन-तीन कांड्यांची साखळी सांध्यावर हलकेच पिरगाळून काढावी, जखम सुकण्यासाठी दोन दिवस सावलीत ठेवावी आणि मग वर सांगितलेल्या मिश्रणात टोचावी. महिन्याभरात मुळे धरतात. नोकरी संपली, बदली झाली, व्हिसाची मुदत सरली की अमिरातीतील घर दोन बॅगांत आवरावे लागते आणि कुंड्या मागे राहतात. त्या टाकून न देता मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, मुलांच्या शाळेत किंवा इमारतीच्या पहारेकऱ्याकडे सोपवण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि ती जपण्यासारखी आहे. भारतातून अमिरातीत किंवा उलट दिशेने रोप नेताना मात्र वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र व आयात परवान्याचे नियम पाळावेच लागतात. जवळजवळ सर्व निवडुंगांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे बंधन आहे आणि भारत व अमिराती दोन्ही देश त्याचे सदस्य आहेत; कृत्रिमरीत्या वाढवलेल्या ग्रेझेरी संकराला त्या करारातून सूट असली, तरी किडी-रोगांविषयीचे देशोदेशीचे नियम त्यालाही लागू राहतात. बॅगेत कपड्यांत गुंडाळून कांडी नेण्याचा मोह टाळलेला बरा. चांगली रोपे आता दोन्हीकडे मिळतात.

एक गोष्ट जाता जाता नोंदवणे आवश्यक आहे. अमिरातीत एकही निवडुंग मूळचा नाही. तेथील राष्ट्रीय वृक्ष गाफ म्हणजे आपली शमी. ती खोलवर मुळे सोडून भूजलापर्यंत पोचते आणि त्या बळावर वाळवंटात हिरवी राहते. वाळवंटी वनस्पती म्हणून जे प्रेम द्यायचे ते शमीला द्यावे, तिच्याविषयी दुसरे पुस्तक व्हावे. ईस्टर कॅक्टस हा ब्राझीलमधील ज्या अटलांटिक जंगलाचा रहिवासी आहे, त्या जंगलाचा फार मोठा भाग शेती व शहरांनी गिळला आहे, आणि घरोघरच्या कुंड्यांतील लक्षावधी रोपांनी त्या जंगलाची भरपाई होत नाही.

पुढील प्रकरणांत महिन्यांप्रमाणे कामांची मांडणी आहे आणि ती ऑक्टोबरपासून सुरू होते, कारण अमिरातीत बागेचे वर्ष खरोखर तेव्हा सुरू होते. वाचकाने पुस्तक कोणत्याही महिन्यात हाती घेतले तरी पहिले काम एकच करावे : आपल्या बाल्कनीत किंवा खिडकीत रात्री दहा वाजता उभे राहून कोणत्या कोपऱ्यात खरा अंधार आहे ते पाहून ठेवावे, आणि नोव्हेंबरच्या मध्याला कुंडी त्या कोपऱ्यात न्यावी.